बाडमेर ते नया छोर : दारूगोळ्याच्या मागे पंधरा दिवस

1971 च्या डिसेंबरात मी ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या गाड्या-तोफा दुरुस्त करणाऱ्या दलाचा नाईक होतो, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. एका फील्ड रेजिमेंटच्या एलएडीत माझी पोस्टिंग होती. एलएडी म्हणजे लाइट एड डिटॅचमेंट, तोफखान्याच्या रेजिमेंटबरोबर हिंडणारं छोटं वर्कशॉप. गन फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, आमच्यासारखे मेकॅनिक, एक रिकव्हरी गाडी आणि सुट्या भागांच्या पेट्या एवढाच आमचा संसार. रेजिमेंटकडे 25 पाउंडर जातीच्या 18 तोफा होत्या, प्रत्येकी सहाच्या तीन बॅटऱ्या. युद्धाच्या गोष्टी निघाल्या की लोक तोफा आणि रणगाड्यांबद्दल विचारतात. गोळा तोफेपर्यंत पोचला कसा, हे आजवर मला कोणी विचारलेलं नाही. तेव्हा खिशातल्या वहीत दोन-दोन ओळी खरडत होतो. त्या ओळी आणि जे अजून लख्ख आठवतंय ते, एवढ्यावरच हे लिहितो आहे.

3 डिसेंबर, बाडमेर

दिवसभर साइडिंगला वॅगन रिकामे करत होतो. इथून पश्चिमेला गडरा रोडवरून मुनाबावपर्यंत तेव्हा मीटर गेजची एकेरी लाइन जायची, जेमतेम 120 किलोमीटर. मुनाबाव हे आपलं शेवटचं स्टेशन. पलीकडे पाकिस्तानातलं खोखरापार. मधले रूळ 1965 च्या लढाईपासून तुटलेले.

दुपारी क्वार्टरमास्टरसाहेबांच्या तंबूत टायरची मागणी घेऊन गेलो, तेव्हा त्यांचा हिशेब चालला होता. मी उभा राहून ऐकला आणि तो डोक्यात बसला. 25 पाउंडरचा गोळा नावाप्रमाणे 25 पाउंडांचा, म्हणजे 11 किलोच्या थोडा वर. एका तोफेने दिवसाला शंभर गोळे टाकले, तर अठरा तोफांचे 1,800. नुसत्या गोळ्यांचंच वजन 20 टन. शिवाय पितळी काडतुसं वेगळी, कारण या तोफेत आधी गोळा ठासतात आणि मागून काडतूस भरतात. त्यावर पेट्यांचं वजन. एवढा माल तीन टनी गाडीने न्यायचा आणि वाळूत तीन टनी गाडीत तीन टन घालायची हिंमत करायची नाही. साहेब पेन्सिल ठेवून म्हणाले, "इसके बाद पानी. फिर पेट्रोल. फिर राशन." माझ्या टायरच्या कागदावर त्यांनी न वाचताच सही केली.

रात्री उत्तरलाईच्या विमानतळाच्या बाजूने दणके ऐकू आले. सगळे दिवे मालवले. मध्यरात्रीनंतर पंतप्रधान रेडिओवर बोलल्या. ट्रान्झिस्टर एकच, आणि त्याच्याभोवती पन्नास माणसं श्वास रोखून उभी. भाषण संपल्यावर सुभेदारसाहेब एवढंच म्हणाले, "चलो, गाडियाँ देख लो."

4 डिसेंबर, गडरा रोडच्या पुढे

पहाटे निघालो. मी ज्या शक्तिमान ट्रकमध्ये बसलो, तिचा ड्रायव्हर माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. हाही नाईक, पण सगळे त्याला उस्ताद म्हणायचे, मीही. मेवातकडचा माणूस. बोलणं कमी, कान तीक्ष्ण. गाडी थांबली की उतरून तो सहाही टायर बुटाच्या टाचेने वाजवून बघायचा आणि मग कार डायरी काढून मीटरचा आकडा लिहायचा. अक्षर मोत्यासारखं. थांबा पाच मिनिटांचा असला तरी तो नोंद चुकवायचा नाही.

गडरा रोडला 1965 मध्ये हल्ल्यात मारल्या गेलेल्या रेल्वे कामगारांची आठवण तिथला प्रत्येक माणूस काढतो. रूळ चालू राहावेत म्हणून ते तिथे होते, आणि तिथेच गेले. आमची सगळी भिस्त पुन्हा त्याच लाइनवर होती.

डांबर मागे पडलं आणि खरा रस्ता सुरू झाला, म्हणजे रस्ता संपला. इथले लोक वाळूच्या टेकड्यांना धोरे म्हणतात. दिसायला मऊ. वाऱ्याकडची बाजू बरी घट्ट असते, चढता येते. आडोशाची बाजू पिठासारखी. चाक एकदा त्यात फिरलं की स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं. ड्रायव्हर घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो, तेवढा खड्डा खोल जातो. उस्तादने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "धँसे तो पैर उठा लो. गुस्सा रेत पर नहीं चलता."

टायरमधली हवा निम्म्यावर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगते. कडक जमीन आली की परत भरायची, नाहीतर टायर रिममध्ये चिरतो. हे एका गाडीचं काम नव्हे, पूर्ण ताफ्याचं, आणि दिवसातून तीन-चार वेळा. रात्रीपर्यंत माझ्या दोन्ही हातांच्या बोटांना व्हॉल्व्हच्या टोप्या उघडून फोड आले होते.

अंधार पडला पण अंधार झालाच नाही. पौर्णिमा दोनच दिवसांपूर्वी झालेली, त्यामुळे चंद्र वर आला आणि धोरे मिठाच्या ढिगांसारखे पांढरे दिसू लागले. दिवे न लावता गाड्या चालवणं त्या रात्री सोपं गेलं. आपण तितकेच वरूनही दिसतो आहोत, हे ठाऊक असूनही त्या उजेडाचे उपकार वाटले. आमच्या तोफांनी त्याच रात्री पहिल्यांदा तोंड उघडलं. 11 इन्फंट्री डिव्हिजन सीमेपार निघाली होती.

6 डिसेंबर, सीमेपलीकडे

तेव्हा कुंपण नव्हतं, दगडी खांब होते. सीमा कधी ओलांडली ते कळलंही नाही. पुढच्या गाडीतल्या कोणीतरी हात बाहेर काढून खांब दाखवला, आणि बघेपर्यंत तो मागे गेला होता. खोखरापार आपल्या हातात आल्याची बातमी मिळाली. तोफा पुढे सरकल्या, म्हणजे आमचं अंतर वाढलं.

तोफ 12 किलोमीटरवर मारा करते, हे पुस्तकात छापलेलं असतं. पण पायदळ दहा किलोमीटर पुढे गेलं की तोफेला उठून मागोमाग जावं लागतं. तोफ गेली की वॅगन लाइन, म्हणजे तोफांमागे थांबणाऱ्या गाड्यांचा तळ, वॅगन लाइन गेली की दारूगोळ्याचा साठा. आणि या सगळ्याच्या शेपटाला आम्ही, मुनाबावला जाणारे आणि परत येणारे. पुढे गेलेलं प्रत्येक किलोमीटर आम्हाला जाऊन-येऊन दोनदा भरावं लागे. इंजिनिअरांनी काही ठिकाणी लाकडी डकबोर्ड टाकून पट्टे केले होते. एका गाडीची दोन चाकं बसतील एवढेच. समोरून गाडी आली की एकाने वाळूत उतरायचं. रिकाम्या गाडीने भरलेल्या गाडीला वाट द्यायची हा नियम, आणि तो कोणी मोडलेला मी पाहिला नाही. पट्ट्यांच्या कडेला काही ठिकाणी पांढऱ्या फिती होत्या. फितीबाहेर सुरुंग.

7 डिसेंबर

पाणी. वहीत एवढाच शब्द आहे.

8 डिसेंबर, परचे-जी-वेरीच्या वाटेवर

वेरी म्हणजे विहीर. इकडे गावांची नावं विहिरींवरून पडतात, त्यावरून काय ते समजावं. विहिरी खोल, पाणी मचूळ, आणि शत्रूने सोडलेल्या विहिरीचं पाणी डॉक्टरांनी तपासल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. आमचं पाणी मागून येत होतं. त्या दिवशी माणशी दोन बाटल्या मिळाल्या, त्यात दाढी नाही, हातपाय धुणं नाही.

पण गाडीला नाही म्हणता येत नाही. लो गिअरमध्ये तासन्‌तास रेटलेलं इंजिन उकळतं आणि रेडिएटर पाणी बाहेर फेकतो. आमच्या हवालदारसाहेबांनी एक सोय काढली. ओव्हरफ्लोच्या पाइपला रबरी नळी जोडून ती बॉनेटच्या आत बांधलेल्या रिकाम्या डब्यात सोडली. उकळून गेलेलं पाणी डब्यात जमायचं, निवलं की परत रेडिएटरमध्ये. शिवाय थांबताना गाडीचं तोंड वाऱ्याकडे. या दोन गोष्टींनी जेवढं पाणी वाचलं, तेवढं पुढे खंदकातल्या माणसांच्या घशात गेलं.

एअर फिल्टरचं मात्र रडगाणं होतं. आमच्या गाड्यांचे फिल्टर तेलाचे. हवा तेलावरून जाते, धूळ तेलात बसते. साध्या मुलखात हे तेल आठवड्याने बघितलं तरी चालतं. इथे संध्याकाळी झाकण उघडलं की आत तेलाऐवजी काळा चिखल. तो काढून, वाटी पुसून, नवं तेल घालायचं. रोज, प्रत्येक गाडीचं. हे केलं नाही तर वाळू सिलिंडरमध्ये जाते आणि इंजिन आतून कानशीने घासल्यासारखं होतं. दोन ड्रायव्हरांनी कंटाळा केला होता, त्यांच्या गाड्या निळा धूर सोडू लागल्या. मी रागावलो नाही. ती माणसं तीन रात्री झोपली नव्हती.

दुपारी एका चढावर उस्तादने अचानक पाय उचलला. मला काहीच कळलं नव्हतं. "आवाज सुना?" मी नाही म्हणालो. त्याने गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकून क्लच अलगद सोडला, आणि आता मलाही ऐकू आलं. मागून 'कट्' असा एकच बारीक आवाज, सुपारी फुटल्यासारखा. इंजिन चालू, गिअर बरोबर, गाडी जागची हलत नाही. हाफ शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा, तुटला होता.

मागे ओळीने दारूगोळ्याच्या नऊ गाड्या. हबचे बोल्ट काढले. शाफ्टचा बाहेरचा तुकडा हातात आला, आतला डिफरन्शिअलच्या, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीच्या, बाजूला अडकलेला. तो काढायला तारेचा फास करून आत सोडावा लागतो. अंगाखाली वाळू, वरून वाळू, आणि उघड्या हबमध्ये एक कण जाता कामा नये. उस्तादने स्वतःची घोंगडी माझ्या डोक्यावरून आणि चाकावरून पांघरली आणि कडा हाताने दाबून तसाच बसून राहिला. आत घामाचा आणि गिअर ऑइलचा वास. चौथ्या प्रयत्नात फास बसला. तुटलेल्या तोंडावर मधोमध चमकदार दाणे आणि कडेला जुना काळा डाग. तडा आधीचाच होता, वाळूने शेवटचा घाव घातला. पन्नास मिनिटं लागली. त्या पन्नास मिनिटांत वर एकही विमान आलं नाही.

9 डिसेंबर

मागून सुट्या भागांची पेटी आली. एका डेपोने फॅन बेल्ट पाठवले होते, ते आमच्या गाड्यांचे नव्हतेच. लेबल बरोबर, आतला माल दुसऱ्या मॉडेलचा. पेटीवर शिक्का मारताना एकाने आत डोकावलं असतं, तर ती पेटी एवढ्या लांब उचलून आणावी लागली नसती. तिच्या जागी गोळ्यांच्या पेट्या बसल्या असत्या. या गोष्टीचा राग मला आजही येतो. जुने बेल्ट उलटे करून लावले, काही चालले.

10 डिसेंबर

आज सगळ्यांचे चेहरे वेगळे. रेल्वेच्या इंजिनिअरांनी आणि गँगमननी मुनाबाव-खोखरापारमधले रूळ जोडून काढले. अंतर दहाएक किलोमीटरचंच, पण गाड्यांच्या खेपेत ते दहा किलोमीटर म्हणजे कित्येक तास. एक मालगाडी जेवढं ओढते, तेवढ्यासाठी आम्हाला अख्खा ताफा रात्रभर मरेस्तोवर चालवावा लागतो. विमानं रूळ शोधत यायची, बॉम्ब टाकायची, ही माणसं परत जाऊन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेट बसवायची. त्यांच्या अंगावर वर्दीसुद्धा धड नव्हती. पुढे 2006 मध्ये मुनाबाव-खोखरापार मार्गाने थार एक्स्प्रेस सुरू झाली, तेव्हा वर्तमानपत्रातल्या फोटोत मी प्रवासी बघितलेच नाहीत. खालची खडी बघत होतो.

11 डिसेंबर

सकाळी नऊच्या सुमारास दोन विमानं. आम्ही गोळे उतरवून परत फिरलो होतो, गाडी रिकामी. शिट्टी झाली, सगळे गाडीपासून लांब पळाले. खेजडीच्या झाडाखाली मी आडवा पडलो. उस्ताद माझ्या मागेच होता. विमानाच्या बंदुकीतल्या गोळ्यांची एक रांग वाळूत उड्या मारत आली, गाडीच्या नाकावरून गेली आणि पुढे निघून गेली. सगळं मिळून दहा सेकंद असेल.

उस्ताद गाडीपासून वीस पावलांवर पडला होता. जागच्या जागी गेला होता. हातात कार डायरी होती. उतरताना त्याने ती सीटवरून उचलली होती.

त्याला दुसऱ्या गाडीने मागे नेलं. मी गाडीपाशी राहिलो, कारण संध्याकाळी तिची खेप होती आणि सांगणारा कोणी नसला तरी ते मला माहीत होतं. रेडिएटरला तीन भोकं. नळ्या फाटलेल्या जागी कापून, पक्कडने चेपून, तोंडं वळवली. ब्लो लँप पेटवून शिशाचं झाळकाम केलं. वारा ज्योत विझवत होता, म्हणून वेल्डर माझ्या बाजूला पत्रा धरून उभा. तो बोलला नाही, मीही नाही. सहा नळ्या बंद झाल्या, बाकीच्यांतून पाणी फिरत होतं. गाडी तापणार होती, पण चालणार होती. संध्याकाळी नव्या ड्रायव्हरला, एकवीस वर्षांच्या मुलाला, चावी दिली. डायरी मी त्याच्या सीटखाली ठेवली.

12 आणि 13 डिसेंबर, परबत अलीच्या अलीकडे

सिंधमधल्या नया छोरच्या अलीकडे वाळवंट संपत येतं, पलीकडे हिरवा पट्टा लागतो. त्याच्या दारात परबत अली नावाचा उंचवटा, आणि त्यावर शत्रू पक्का बसलेला. 12 च्या रात्री हल्ला होता. दोन दिवस आम्ही फक्त गोळे वाहिले. चंद्र आता पहाटे उगवायचा, तोही नखाएवढा. पहिल्या रात्रींचा तो पांढरा उजेड गेला होता. मागच्या डिफरन्शिअलवर पांढरा रंग फासून त्यावर कागद गुंडाळलेला एक बल्ब टाकला होता, मागच्या ड्रायव्हरने तेवढा ठिपका धरून यायचं. जिथे गाडी जात नव्हती तिथे उंट. उंटाच्या दोन्ही बाजूंना पेट्या बांधलेल्या. गोळ्यांचा आवाज झाला की तो बसून घ्यायचा आणि उठायला तयार नसायचा. उंटवाला त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायचा आणि उंट उठायचा.

रात्री गोळाबारी सुरू झाल्यावर मला आणि गन फिटरला गन एरियात बोलावणं आलं. पाच नंबरच्या तोफेत काडतूस अडकलं होतं.

गन एरियात पाय ठेवला की पहिल्यांदा छातीत आवाज बसतो, कानात नंतर. प्रत्येक तोफ चाकांखाली वर्तुळाकार प्लॅटफॉर्म घेऊन बसते. वाळूत तो प्लॅटफॉर्म दर गोळ्यामागे थोडा खचतो, कधी एका बाजूला जास्त. मग साइटचा बुडबुडा मधून सरकतो आणि लेयरला, म्हणजे नेम धरणाऱ्या जवानाला, प्रत्येक गोळ्यानंतर नेम पुन्हा बसवावा लागतो. तो पोरगा एक डोळा मिटून, गुडघ्यावर बसून, न थांबता हे करत होता. बाकीचे प्लॅटफॉर्मखाली रेतीची पोती कोंबत होते.

पाच नंबर गप्प उभी. नंबर वन, म्हणजे तोफेचा प्रमुख असलेल्या हवालदाराच्या तोंडचं पाणी पळालेलं. गोळा गेला होता, पण रिकामं पितळी काडतूस चेंबरमध्ये घट्ट बसलं होतं, ते बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर त्याची कड पकडून निसटत होता. घोंगडी घेतली, टॉर्चच्या काचेवर लाल कागद, आणि दोघेही ब्रीचवर, तोफेच्या मागच्या तोंडावर, वाकलो. फिटरने बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. बोटावर तेल, आणि तेलात वाळू. त्याने विचारलं, "केस पर तेल किसने लगाया?" गोळे भरणारा जवान पुढे आला. वाळू बसू नये म्हणून त्याने काडतुसं तेलाच्या फडक्याने पुसली होती. त्याच्या मते ती काळजीच होती. पण वाळवंटात तेल म्हणजे वाळूला आमंत्रण. इथे जे हलतं ते कोरडं ठेवायचं, आणि जिथे तेल लागतंच ते झाकून ठेवायचं. फिटरने त्याला रागावलं नाही. स्वतःच्या शर्टाचं टोक काढून पुढचं काडतूस कोरडं पुसून दाखवलं आणि म्हणाला, "ऐसे."

नळी खाली आणून पुढून रॅमर, म्हणजे ठासायचा दांडा, घातला. दोघांनी मिळून तीन ठोके. तिसऱ्याला आतून टण्ण असा आवाज आला आणि काडतूस मागे सरकलं. एक्स्ट्रॅक्टरची एक नखी तुटलेली. बदलली, ब्रीच ब्लॉक काढून कोरड्या फडक्याने पुसला, फायरिंग पिनच्या भोकातली वाळू काडीने काढली. तेवढ्यात फिटरने रिकॉइलचा दर्शक बघितला. तोफ जास्त मागे येत होती, बफरमध्ये तेल कमी. ते भरलं. "नंबर पाँच तैयार!" ही आरोळी त्या हवालदाराने अशी दिली की शेजारच्या दोन्ही तोफांवरची माणसं वळून बघू लागली.

पहाटेपर्यंत आम्ही तिथेच होतो. 13 च्या पहाटे 10 सिख लाइट इन्फंट्रीने परबत अली घेतलं. चढणाऱ्यांतलं आम्हाला काही दिसलं नाही. उजाडल्यावर दिसलं ते प्रत्येक तोफेमागचं रिकाम्या काडतुसांचं पितळ. आणि गोळ्यांच्या पेट्या मोजल्या तेव्हा दोन तोफांपाशी दहाच्या आत गोळे शिल्लक होते. रात्री आमची एक खेप चुकली असती, तर पहाटे त्या दोन तोफा गप्प असत्या.

14 डिसेंबर

शत्रूचे प्रतिहल्ले. तोफा चालू. आम्ही येताना गोळे आणायचो आणि जाताना पितळ न्यायचो. रिकामं काडतूस फेकायचं नसतं, मोजून परत करायचं असतं. जाताना गाडीत त्यांचा खणखणाट आणि कधी त्यावर स्ट्रेचर.

16 डिसेंबर

ढाक्याची बातमी संध्याकाळी आली. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. आमच्या समोरच्या धोऱ्यावर मात्र मशीनगन चालूच होती. बीएचएमनी, म्हणजे बॅटरी हवालदार मेजरनी, विचारलं, उद्याच्या खेपेला किती गाड्या? सात सांगितल्या. नऊ करा, म्हणाले.

17 डिसेंबर

रात्री आठला युद्धबंदी. सात वाजून गेल्यावरसुद्धा मारा चालू होता, दोन्हीकडून. आठ वाजले, आणि मग काहीच नाही. इतके दिवस रात्री कुजबुजत बोलायची सवय लागलेली, त्यामुळे कोणी मोठ्याने बोललं नाही. लांबवर एक उंट ओरडला तो सगळ्यांना ऐकू आला.

ब्लॅकआउट उठवल्याचा हुकूम नव्हता. घोंगडीखाली टॉर्च लावून गन फिटर तोफांची हिस्टरी बुकं भरत होता. कुठल्या तोफेने कुठल्या चार्जने, म्हणजे किती दारू भरून, किती गोळे टाकले, त्यावरून नळी किती झिजली ते ठरतं. मी गाड्यांचे कागद घेऊन बसलो. टायर 14 निकामी, हाफ शाफ्ट पाच, क्लच प्लेटा सात.

मग त्या शक्तिमानची कार डायरी आली. नव्या पोराने एकही नोंद केली नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटची ओळ 11 तारखेची, सकाळी आठ वाजून 40 मिनिटं, मीटरचा आकडा, 'अॅम्युनिशन उतारा', आणि खाली सही. अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं. मी त्या पोराला हाक मारून शेजारी बसवलं, गाडीवर जाऊन मीटर बघून यायला सांगितलं. तो धावत गेला, आकडा तोंडाने घोकत परत आला. उस्तादच्या सहीखालची ओळ सोडून पुढच्या ओळीपासून त्याला लिहायला लावलं, सहा दिवसांच्या सगळ्या खेपा, एकेक आठवून. लिहून झाल्यावर त्याने विचारलं, उस्ताद, टायर पण बघून येऊ का? मी हो म्हणालो. अंधारात बुटाच्या टाचेचे आवाज मी मोजत राहिलो, सहाही.